पनवेल ते दाभोळ : आमची खाड्यांची सफर



पावसाळा सरला की समुद्रसफरींच्या जाहिराती सुरू होतात. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून निघणारी, दहा-बारा मजली इमारतीसारखी बोट. आत पोहण्याचा तलाव, नाटकाचे थिएटर, चार वेळा जेवण. यंदा आमच्या मंडळातील एका मैत्रिणीच्या सुनेने अशी जाहिरात मोबाइलवर दाखवली आणि भाव ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. भाव सोडा, पण त्या बोटीतून दिसणार काय? रात्री निघायचे, सकाळी गोव्याला उतरायचे. मधली सगळी बंदरे अंधारात मागे पडणार. ज्या किनाऱ्यावरून आपले आजे-पणजे पोटासाठी मुंबईला आले तोच नेमका दिसणार नसेल, तर त्या तलावात डुंबून काय करायचे?

म्हणून आम्ही पाच जणींनी आमची क्रूझ आम्हीच जुळवली. अश्विन पौर्णिमा झाली, वर्षावास संपला, पाऊस थांबला आणि आम्ही पनवेलहून दाभोळपर्यंत गेलो. रस्त्याला खाडी आली की होडी, लाँच किंवा जंगलजेटी, आणि मधला रस्ता गाडीने. चार रात्री, पाच दिवस. मंडळी अशी : अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माई, नगरपालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली आक्का, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, माईंची सून आणि मी. गाडी चालवायला आमच्याच वस्तीतला एक भाऊ.

पनवेलच्या माणसाला बंदर म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको, पण नव्या पिढीला सांगावे लागते. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी बोटीने पनवेलला उतरे आणि इथून बोरघाट चढे. तांदूळ, मीठ, लाकूड सगळे याच खाडीतून जाई. आज खाडी गाळाने भरली आहे. पलीकडे उलव्याची टेकडी कापून बांधलेल्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्यात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतली मुले कामाला लागली. पण स्वतः पाण्यावरून कुठे जाणे ही गोष्ट आपल्या घरांतून जवळजवळ संपली. माईंची सून पनवेलमध्ये वीस वर्षे राहते आणि होडीत कधी बसलेली नाही.

पहिला टप्पा करंजा ते रेवस. उरणच्या पुढे करंजाच्या धक्क्यावर आम्ही उतरलो. भाऊला गाडी घेऊन पेण-वडखळच्या रस्त्याने वळसा घालून रेवसला यायला सांगितले. पाण्यावरून थोडक्या मिनिटांचे अंतर, आणि रस्त्याने एवढा मोठा फेरा! आम्ही पलीकडे पोहोचून चहा पिऊन पेपर वाचून झाला तरी गाडीचा पत्ता नव्हता. आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होणार आहेत. झाले तर चांगलेच, आजारी माणसाला दवाखाना जवळ येईल. पण मग या लाँच बंद होतील. ज्यांना जायचे आहे त्यांनी पूल होण्याआधी जाऊन यावे.

लाँचमध्ये माई गप्प बसल्या होत्या. धक्क्यावर उतरल्यावर म्हणाल्या, "रामदास हितंच येत हुती." १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावस्येला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली आणि सहाशेच्या वर माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या बोटीवर मुंबईतले कामगार सणाला गावी निघाले होते. माईंच्या माहेरी त्या दिवसापासून पावसाळ्यात बोटीत पाय ठेवायचा नाही अशी शपथच होती. ती शपथ वेडी नव्हती. भर पावसात लाँच बंद असतात त्या उगाच नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसे दगावली, तेव्हा पाऊस नव्हता, समुद्रही शांत होता. म्हणून सांगते, लाँचवाला लाइफ जॅकेट देत नसेल तर मागून घ्या, आणि दिले तर घाला. साडीवर ते चांगले दिसत नाही असे आमच्या बाईंचे म्हणणे पडले. आक्काने त्यांना नर्सच्या आवाजात एकदाच सांगितले आणि विषय मिटला.

अलिबाग आम्ही भरभर उरकले. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण आमची वेळ भरतीची निघाली. चौल-रेवदंड्याला मात्र थांबलो. आज तिथे सुपारीच्या वाड्या आणि शांतता, पण दोन हजार वर्षांपूर्वी हे मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत त्यांत सोपारा, कल्याण आणि चेमुल म्हणजे हेच चौल इथले लोक आहेत. बंदरावरचा व्यापारी पैसा मिळवी आणि त्यातून भिक्खूंसाठी पाण्याचे टाके नाही तर एखादी खोली कोरून देई. पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला आणि त्याने आपल्या वहीत जे पाहिले ते लिहून ठेवले. पलीकडच्या कोर्लई गावात आजही काही घरांत पोर्तुगीज मिसळलेली वेगळी बोली बोलतात. आम्ही एका आजीबाईंना दोन वाक्ये बोलून दाखवायला सांगितली. त्यांनी बोलून दाखवली, आणि वर शुद्ध मराठीत विचारले, "कळलं काय?"

पहिली रात्र मुरुडला काढली. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला. इथे मला थोडे जास्त लिहायचे आहे.

जंजिरा पाहायला जाणारे लोक तोफा मोजून येतात. कलालबांगडी तोफ मोठीच आहे, नाही कोण म्हणते. पण हा किल्ला कोणाचा होता? सिद्दींचा. ते मुळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातले कितीतरी लोक गुलाम म्हणून विकले जाऊन या किनाऱ्यावर आले. कोणी खलाशी झाले, कोणी शिपाई, आणि त्यांच्यातूनच इथले राज्यकर्ते उभे राहिले. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर हाही हबशी देशातून विकून आणलेला गुलामच होता. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सिद्दींकडे राहिले. किल्ल्याच्या पोटात, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना, गोड्या पाण्याचे तलाव आहेत. बाई म्हणाल्या, "शाळेत आम्ही शिकवलं ते एवढंच, की हा किल्ला कोणाला जिंकता आला नाही. आत कोण राहत होतं ते पुस्तकात नव्हतं." माझे म्हणणे असे की मुलांना तिथे नेले तर हेच आधी सांगावे. गुलाम म्हणून बाजारात उभा केलेला माणूस गडाचा धनी होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानावर पडली पाहिजे.

जंजिऱ्याहून परतल्यावर वाट थोडी वाकडी केली आणि राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला कुडे-मांदाडची लेणी पाहिली. मांदाड हे जुने बंदर. ग्रीक दर्यावर्दींनी मांदागोरा म्हणून ज्याचे नाव लिहिले ते हेच असावे असे काही अभ्यासक मानतात. डोंगराच्या कुशीत सव्वीस लेणी, समोर खाडीचे पाणी. भिंतींवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत आणि त्यांत कोण कोण आहे पाहा. कराडचा लोखंडाचा व्यापारी, फुलांच्या माळा करणारा माळी, वैद्याच्या घरची माणसे, राज्यकर्त्याचा लेखनिक, भिक्षुणी आणि उपासिका. कोणा एकट्या राजाने बांधलेले हे काम नाही. आज आपण विहारासाठी वर्गणी काढतो, फरशीवर नाव घालतो, आणि कोणाचे नाव आधी यावे यावरून बैठकीत भांडतो. इथे माळ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. माईंना चढ झेपला नाही. त्या खालीच झाडाखाली बसल्या. त्यांच्या सुनेने प्रत्येक लेखाचा फोटो काढून खाली आणून त्यांना दाखवला. लेणी पाहायला वर कोणीच नव्हते. वटवाघळांचा वास फार आहे, नाकाला रुमाल बांधावा.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने गेलो. जंगलजेटी म्हणजे सपाट लोखंडी तराफाच. गाड्या, मोटारसायकली, माणसे, कोंबड्यांची टोपली सगळे एकत्र. भाऊ गाडीसकट आमच्याबरोबर असल्याने या वेळी खूश होता.

त्या संध्याकाळी जे घडले ते लिहावे की नाही यावर आम्हा पाच जणींत एकमत नव्हते. मी लिहिते आहे. गावाचे नाव लिहीत नाही.

किनाऱ्यावरच्या एका गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय आक्काने फोनवर ठरवली होती. फोनवर तिने फक्त स्वतःचे नाव सांगितले होते. दोन खोल्या, रात्रीचे मासे-भाकरी, सकाळचा नाश्ता. आगाऊ पैसेही पाठवले होते. आम्ही दारात गाडी लावली. मालक बाहेर आले. गाडीच्या समोरच्या काचेवर बाबासाहेबांचे छायाचित्र आहे, ते त्यांनी पाहिले. मग त्यांनी आक्काला पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकले. आत गेले, परत आले आणि म्हणाले, "पंप बिघडलाय हो, पाणीच नाही. तुमची गैरसोय होईल." आगाऊ पैसे त्यांनी तिथल्या तिथे परत केले. अंगणात नारळाच्या झाडांना पाइपने पाणी सुटले होते. आम्ही पाचही जणींनी ते पाहिले.

कोणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. जे झाले ते हसतमुखाने झाले. यालाच आता काय म्हणायचे? माईंनी लहानपणी वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन प्यायले आहे. त्या गाडीत बसून म्हणाल्या, "तवा निदान तोंडावर सांगायचे." त्यांच्या सुनेला रडू आले. तिने हे आजवर ऐकले होते, अंगावर घेतले नव्हते.

अंधार पडला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मुसलमान कुटुंबाच्या दारावर खोल्यांची पाटी दिसली. चाचींनी आधी माईंना हात धरून आत घेतले, पाणी दिले आणि मग विचारले, "किती जणी?" तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण आणि सोलकढी. आडनाव रजिस्टरात लिहायला लागलेच, पण ते जेवणानंतर. १९२७ साली महाडला दुसऱ्या परिषदेच्या वेळी मांडवासाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या गृहस्थांनी आपली जमीन दिली होती. ही आठवण बाईंनी त्या रात्री काढली. चाचींनी ते नाव कधी ऐकले नव्हते. त्या म्हणाल्या, "जगा होती, दी होंगी."

रात्री वाद झाला तो पुढे काय करायचे यावर. सुनेचे म्हणणे, आत्ताच मोबाइलवर त्या घराचा फोटो टाकायचा. आक्काचे म्हणणे, सफर नासवायची नाही, पैसे परत मिळाले. बाईंचे म्हणणे, पंप बिघडला या शब्दांपुढे तुम्ही सिद्ध काय करणार? मला तिघींचेही पटत नव्हते. फोटो टाकला तर चार दिवस शिव्याशाप होतील आणि पाचव्या दिवशी दुसरा फोटो येईल. गप्प बसले तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचा पंप बिघडेल. कायदा आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा पैसे घेऊन लोकांना उतरवून घेणाऱ्या जागांना लागू आहे, तिथे अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. सिद्ध होईल की नाही हे ठरवणे आपले काम नाही, तक्रार करणे आपले काम आहे. त्याच रात्री पाचही जणींनी वेगवेगळ्या कागदांवर काय पाहिले, काय ऐकले, किती वाजता, ते एकमेकींना न विचारता लिहिले. फोनची नोंद, पैसे पाठवल्याची आणि परत आल्याची नोंद जोडली. पनवेलला आल्यावर तो अर्ज संबंधित पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला आहे. पावती आली आहे. पुढे काय होते ते याच सदरात कळवीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरच्या बाजूला गेलो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपवल्या होत्या. नवी रोपे आता कुठे डोक्याएवढी झाली आहेत. बागमांडल्याला जंगलजेटी धरली. पलीकडे वेसवी, बाणकोटची बाजू, रत्नागिरी जिल्हा. मधे सावित्रीची खाडी.

भगिनींनो, आमच्या सफरीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली जागा ही. इथे ना स्मारक आहे ना पाटी. तराफ्यावर उभे राहिले की उजव्या हाताला खुला समुद्र, आणि डाव्या हाताला खाडी आत आत डोंगरांत शिरताना दिसते. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, ते याच मुखातून आत शिरून दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. महाडला जायला धरमतरपर्यंत बोटीने आणि तिथून मोटारीने ही वाट जवळची होती. पण मोटारवाल्यांनी ऐन वेळी नकार दिला तर? दासगावहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तरी पायी जाता येते. म्हणून लांबची, पाण्याची वाट घेतली. आदल्या दिवशीच आमचा पंप बिघडला होता, तेव्हा हा विचार त्यांना का करावा लागला हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

दासगावला हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून मिरवणुकीने महाड. तळ्यावर जाण्यास कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणलेला होता. त्या रात्री, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. हे सगळे वाचकांना पाठ आहे. पण ती बोटीतली रात्र आपण कधी डोळ्यांपुढे आणतो का? डिसेंबरची थंडी, डेकवर दोनशे माणसे, त्यांतली बहुतेक गिरणीतली नाही तर गोदीतली. पुढे काय होणार ते कोणालाच ठाऊक नाही. मार्चमध्ये पहिल्या परिषदेनंतर महाडला आपल्या लोकांना मारहाण झाली होती, ते सर्वांना माहीत होते. तरी बोट भरून निघाली. जंगलजेटीच्या कठड्याला धरून माई आतल्या डोंगरांकडे पाहत होत्या. जेटी पाचएक मिनिटांत पलीकडे लागली, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि आम्हाला उतरावे लागले.

वेसवी ओलांडली की मंडणगड तालुका. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. तिथे वंदन करून संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर आलो. हर्णैचा मासळी लिलाव ज्याने पाहिला नाही त्याने कोकण पाहिले नाही. बोटी किनाऱ्याला लागतात, वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग पडतात आणि बोली सुरू. समोर सुवर्णदुर्ग. आम्ही पाहत राहिलो त्या मात्र डोक्यावर टोपल्या घेऊन पळणाऱ्या बाया आणि गडी. टोपलीतून गळणारे खारे पाणी पाठीवरून वाहत होते.

कारण दुसऱ्या दिवशी आम्ही वणंदला आणि तिथून दाभोळला जाणार होतो. माता रमाईंचा जन्म वणंदचा, ७ फेब्रुवारी १८९८ चा. त्यांचे वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोचवत आणि त्यावर घर चालवत. रमाई लहान असतानाच आई-वडील दोघेही गेले आणि भावंडांसह ती मुंबईला नातेवाइकांकडे आली. आपण रमाईंचा त्याग म्हणतो, भाषणे करतो. पण त्या घराची भाकरी कोणत्या बंदरावरून येत होती ते बंदर आपण किती जणांनी पाहिले आहे?

दाभोळ म्हणजे एके काळचे आदिलशाहीचे मोठे बंदर. इथून लोक हजला जात, घोडे-कापड येई-जाई. धक्क्याजवळ सतराव्या शतकातली सुंदर दगडी मशीद आहे, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. वाशिष्ठीच्या मुखावर पलीकडे धोपाव्याला जाणारी जंगलजेटी आहे. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा या भागातली पहिली, बाकीच्या मागाहून आल्या. एन्रॉनमुळे नव्वदच्या दशकात दाभोळचे नाव जगभर झाले, प्रकल्प खरा पलीकडच्या गुहागरच्या बाजूला.

धक्क्यावर बर्फ फोडणाऱ्या एका पोराला मी विचारले, भरलेली टोपली किती किलोची? तो म्हणाला, "तीस-पस्तीस. ओली असली की जास्त." सुनेने रिकामी टोपली उचलून डोक्यावर घेऊन पाहिली. मग त्याने अर्धी भरून दिली. ती दहा-बारा पावले चालली आणि मान धरून थांबली. पोरगा हसला, टोपली घेतली आणि एका हाताने डोक्यावर चढवून निघून गेला. माई धक्क्याच्या दगडावर बसल्या होत्या. त्यांचे वडील दाभोळच्याच बाजूचे. पत्र्याची ट्रंक घेऊन याच धक्क्यावरून बोटीत चढले, मुंबईत गिरणीला लागले आणि बोटीने परत कधी आले नाहीत. माई पहिल्यांदाच हा धक्का पाहत होत्या. त्यांनी पिशवीतून थोडी खारी माती पुडीत बांधून घेतली. आम्ही कोणी काही विचारले नाही.

येताना खेडवरून महाड. चवदार तळ्यावर वंदन, मुक्काम, आणि पाचव्या दिवशी सकाळी दासगाव. महामार्गावरून गाड्या सुसाट जातात, खाली सावित्री संथ. २००५ च्या जुलैत इथे दरड कोसळून माणसे गेली. खाडीकाठी एका वृद्ध गृहस्थांना मुंबईची बोट कुठे लागे ते विचारले. त्यांनी हाताने जागा दाखवली. आता गाळ आहे, भरतीला लहान होडी येते एवढेच. आम्ही तिथे त्रिशरण-पंचशील घेतले आणि निघालो.

खर्चाबद्दल नेहमीप्रमाणे पत्रे येतील म्हणून आधीच लिहिते. गाडी, राहणे, जेवण, जेटीची भाडी मिळून माणशी नऊ हजारांच्या आसपास आले. त्यासाठी आम्ही वर्षभर भिशी लावली होती. साठीच्या पुढच्यांनी मळमळीची गोळी, गुडघ्याचा पट्टा आणि रुग्णालयाची कागदपत्रे बरोबर ठेवावीत. अश्विनातले ऊन कडक असते, पाण्यावर तर दुप्पट, म्हणून टोपी आणि मीठ-साखरेचे पाणी. जेटीच्या वेळा फोन करून विचाराव्यात, आणि रात्रीच्या मुक्कामासाठी दोन जागा मनात धरून निघावे. का, ते वर आलेच आहे.

पुढच्या अश्विनात वसई-भाईंदरच्या जंगलजेटीने सोपाऱ्याला जायचे ठरले आहे. ती सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला, पनवेलहून तो एका दिवसात होतो. माईंनी त्यासाठी भिशीचा पहिला हप्ता मागच्या रविवारीच भरला.